'भूमिका': प्रेम आणि ताबा

प्रेमाने पछाडलेला पुरुष हा हिंदी चित्रपटसृष्टीचा जुना आणि लाडका नायक आहे. नकार मिळाला की तो पाठलाग करतो, पाठलागाने काम झाले नाही की स्वतःचे रक्त सांडतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर समोरच्या स्त्रीचे जगणे अशक्य करून सोडतो. १९९३ साली आलेल्या 'डर'मध्ये असा पुरुष कथेच्या दृष्टीने खलनायक होता; परंतु टाळ्या त्याच्याच वाट्याला आल्या. २००३ चा 'तेरे नाम' आणि २०१९ चा 'कबीर सिंग' यांच्यापर्यंत येईतो त्याच स्वभावाचा पुरुष उघडपणे नायकपदी बसला होता. प्रेम जितके बेभान तितके ते खरे, ही समजूत या प्रवासात पक्की होत गेली.

ही समजूत पडद्यापुरतीच राहिली असती, तर तिची चिकित्सा चित्रपट-समीक्षकांवर सोपवून मोकळे होता आले असते. तसे घडलेले नाही. १९९० साली उल्हासनगरात परीक्षा केंद्रात शिरून एका विद्यार्थिनीला पेटवून देण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे महाविद्यालयात निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकण्यात आले आणि आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये खुद्द या शहरात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा दिवसाढवळ्या खून झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर वृत्तपत्रांतून एकच शब्दप्रयोग वाचावयास मिळतो: 'एकतर्फी प्रेमातून'. चित्रपट पाहून माणूस खुनी होतो असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. परंतु या शब्दप्रयोगाचा विचार करावयास हवा. चोरीला कोणी 'एकतर्फी व्यवहार' म्हणत नाही. मग दुसऱ्या माणसाच्या देहावर आणि आयुष्यावर मालकी सांगणाऱ्या कृत्याला 'प्रेम' हा शब्द, एकतर्फी का होईना, कशासाठी बहाल करावा?

प्रेम कोठे संपते आणि ताबा कोठे सुरू होतो, हा प्रश्न मराठी माणसांच्याच जीवनातून उचलून एका चित्रपटाने अत्यंत स्पष्टपणे मांडला होता. त्यास आता जवळजवळ अर्धशतक होत आले. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' हा तो चित्रपट. तो १९७७ साली प्रदर्शित झाला. स्मिता पाटील यांना त्यातील कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे व बेनेगल यांच्या पटकथेचाही तसाच गौरव झाला. चित्रपट हिंदी असला, तरी त्याचा आधार मराठी आहे. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपली जीवनकहाणी अरुण साधू यांना सांगितली, ती 'माणूस'मधून प्रसिद्ध झाली आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' या नावाने पुस्तकरूपाने आली. हे नावही त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे. अनंत माने यांचा १९५९ सालचा हा तमाशापट पुण्यात १३१ आठवडे चालला. 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी' अशा चित्रपटांतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या या अभिनेत्रीच्या स्वतःच्या घराची कहाणी मात्र अगदी निराळी होती.

मराठवाड्यातील वाचकांनी या कहाणीकडे विशेष लक्ष द्यावे असे एक कारण आहे. पतीचे घर सोडून एका श्रीमंत गृहस्थाबरोबर निघून गेलेल्या हंसाबाई सुमारे तीन वर्षे मराठवाड्यातल्याच एका खेड्यात, त्या गृहस्थाची तिसरी बायको म्हणून राहिल्या. ज्या अभिनेत्रीला पाहण्यासाठी शहरांतून रांगा लागत, तिला येथे घराबाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. हैदराबाद संस्थानात १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या आणि १९५० साली कूळ कायदा आला. शेतावरील मालकाच्या अधिकाराला कायद्याने वेसण घातली. वाड्याच्या आतील मालकाच्या अधिकाराला मात्र कोणी हात लावला नाही. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास १९४६ सालीच बंदी झाली होती. ती देशभर लागू व्हावयास १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. आणि कायदा झाला म्हणून वाड्याचे रिवाज त्याच दिवशी बदलले, असे कोणी म्हणणार नाही.

बेनेगल यांनी हे चरित्र जसेच्या तसे घेतलेले नाही. त्यातून उषा नावाची एक स्वतंत्र नायिका घडवली आहे. तिच्या आयुष्यात चार पुरुष येतात. त्यांपैकी दोघांचा विचार येथे प्रस्तुत आहे. पहिला केशव दळवी. ही भूमिका अमोल पालेकर यांनी केली आहे. हलाखीच्या दिवसांत उषाच्या कुटुंबाला त्याने मदत केलेली असते आणि त्या उपकारांची परतफेड म्हणून त्याला ती मुलगीच हवी असते. तोच तिला मुंबईच्या स्टुडिओत नेतो, ती नावारूपाला येते आणि त्याच्याशीच लग्न करते. लग्नानंतर गृहिणी होऊन राहावे अशी तिची इच्छा. परंतु केशवचा स्वतःचा धंदा चालत नाही आणि घर तिच्या मिळकतीवर उभे असते. म्हणून तोच तिची कामे ठरवतो, तोच करार करतो, पैसेही तोच घेतो. नायकाबरोबर काम करण्यास तिला पाठवणारा तो, आणि त्याच नायकावरून तिचा संशय घेणाराही तो.

केशवच्या या वागण्याला 'मत्सर' हे नाव देऊन मानसशास्त्राचा एक कप्पा भरता येईल. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. केशवला उषा गमावण्याची भीती वाटते ती केवळ पती म्हणून नव्हे. ती गेली तर बायको जाते, तसेच घराचे उत्पन्नही जाते. ज्या माणसावर आपण सर्वस्वी अवलंबून आहोत त्याच्यावर सत्ता गाजवण्याची गरज अधिकच तीव्र होते, हे सावकार आणि कूळ यांच्या संबंधांतही दिसते आणि गिरणीमालक व कुशल कामगार यांच्या संबंधांतही. केशवचे प्रेम खोटे आहे असे चित्रपट म्हणत नाही. त्या प्रेमात हिशेब इतका मिसळलेला आहे, की प्रेम कोणते आणि हिशेब कोणता हे त्यालाही सांगता येणार नाही, एवढेच तो दाखवतो.

दुसरा पुरुष विनायक काळे. अमरीश पुरी यांनी रंगवलेला हा गृहस्थ केशवच्या अगदी उलट आहे. तो संपन्न आहे, शांत आहे, आवाज चढवीत नाही. उषाच्या पैशाची त्याला गरज नाही. त्याच्या मोठ्या घरात अंथरुणाला खिळलेली पत्नी, वृद्ध आई आणि लहान मुलगा आहे. उषा तेथे जाते आणि तिला जे कधीच मिळाले नव्हते ते सारे मिळते: मानाचे स्थान, भरलेले स्वयंपाकघर, मुलाची माया. ती तेथे सुखी आहे. हे सुख खरे आहे आणि बेनेगल यांनी त्याची टिंगल केलेली नाही, हे महत्त्वाचे. मग एके दिवशी तिला मुलाला घेऊन जवळच्या जत्रेला जावेसे वाटते. इतकी साधी इच्छा. तेव्हा तिला कळते, की या घरातील स्त्रियांना बाहेर जाता येत नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. केवळ दार बंद आहे. दार बंद असल्याचे तिला आजवर कळले नव्हते, कारण ते उघडण्याचा प्रसंगच आला नव्हता.

संपूर्ण चित्रपटाचा कणा या प्रसंगात आहे. ज्या घरातून जाता येत नाही त्या घरात राहणे हे प्रेम आहे की कैद, हे राहणाऱ्यालाही ठरवता येत नाही. अर्थशास्त्रात याला जवळचा असा एक विचार आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या ग्रंथात असे मांडले, की कोणत्याही संस्थेत असमाधानी असलेल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा बोलून दाखवणे. सोडून जाण्याची वाट मुळातच बंद असेल, तर बोलण्यालाही वजन राहत नाही. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाविषयी याच दिशेने पुढे लिहिले: घरात सहकार्य असते तसाच झगडाही असतो आणि त्या झगड्यात कोणाचे किती चालते, हे घर मोडल्यास कोणाची काय अवस्था होईल यावर पुष्कळसे ठरते. विनायक काळ्यांच्या घरात उषाचा शब्द कोणी खोडून काढत नाही. तो ऐकण्याची गरजच कोणाला नाही, कारण ती जाणार कोठे?

आणि ती जाते तेव्हा कोणाच्या आधाराने जाते? निरोप पाठवावा लागतो तो केशवलाच. तो पोलिसांना घेऊन येतो आणि तिची सुटका होते. दुसऱ्या मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी पहिल्या मालकाला हाक मारावी लागावी, यापेक्षा कठोर भाष्य दुसरे कोणते असणार? समाजाने तिला कोणाची तरी बायको म्हणूनच ओळखले होते. सुटण्याचा अधिकारही तिला त्याच नात्याने मिळतो.

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की स्त्री मिळवती झाली म्हणजे हे सारे आपोआप संपेल, असे आजवर सांगितले गेले. परंतु उषा तर घरातील एकमेव मिळवती व्यक्ती होती. तिच्या कमाईने तिला काय दिले? आक्षेप बिनतोड आहे आणि त्यानेच प्रश्नाचे खरे रूप उघड होते. कमाई आणि कमाईवरील ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाय दूध देते म्हणून दुधाचा भाव ठरवत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेली मालमत्ता पूर्णतः तिची ठरवली. तरीही पासबुक कोणाच्या कपाटात आहे, हे कायद्याचे कलम सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. प्रेमाला अशा रीतीने पैशाच्या आणि चावीच्या हिशेबात बसवणे म्हणजे प्रेमाचा अपमान नव्हे काय? माणसे एकमेकांसाठी झिजतात, मत्सर करतात, विरहाने खंगतात. त्या साऱ्यांत सत्तेचा खेळच पाहावयाचा काय? याला उत्तर असे, की हिशेबाने प्रेम उत्पन्न होत नाही आणि नष्टही होत नाही. परंतु समोरच्या व्यक्तीला जाण्याची मोकळीक असूनही ती राहते, एवढीच प्रेमाची एक भरवशाची खूण माणसाच्या हाती आहे. ही मोकळीक काढून घेणारा पुरुष स्त्रीवर अन्याय करतोच. शिवाय आपल्यावर कोणी प्रेम करते की नाही हे जाणण्याचे एकमेव साधनही तो गमावतो. केशवला ते कधी कळले नाही. विनायकरावांना त्याची गरजच वाटली नाही.

या प्रश्नात कायद्याने काय केले, तेही पाहिले पाहिजे. नांदावयास नकार देणाऱ्या रखमाबाईंविरुद्ध मुंबईत १८८४ साली त्यांच्या पतीने खटला भरला. पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली झाला आणि तुरुंग पत्करू असे उत्तर त्यांनी दिले. पुढे १८८८ साली तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तीच कल्पना हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आली. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. तो खटलाही सरिता या चित्रपट अभिनेत्रीचाच होता, हा योगायोग 'भूमिका'च्या प्रेक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते कलम वैध ठरवले. कलम पती-पत्नी दोघांनाही सारखेच उपलब्ध आहे हे खरे. परंतु समान नसलेल्या दोन माणसांच्या हाती सारखेच शस्त्र दिल्याने ती समान होत नाहीत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मात्र फार मोठी मजल मारली. मारहाण म्हणजेच हिंसा ही व्याख्या त्याने मोडली. स्त्रीचा पैसा अडवणे, तिच्या हक्काच्या साधनांपासून तिला वंचित ठेवणे हा आर्थिक छळ आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. केशव आज या कायद्याच्या कक्षेत आला असता. पाठलागाला २०१३ साली स्वतंत्र गुन्हा मानले गेले आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. म्हणजे शब्द कायद्याने बदलले. समाजाच्या जिभेवर मात्र जुनेच शब्द रेंगाळत आहेत.

छत्रपती संभाजीनगर हे आज सबंध मराठवाड्याच्या मुलींचे शहर झाले आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोली येथून त्या येथे शिकावयास येतात, वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत आणि शहरातील कार्यालयांत काम करतात. त्यांच्या आजींना वाड्याच्या दाराबाहेर पडता येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते. परंतु ताब्याची रूपेही बदलली आहेत. दाराची जागा मोबाइलने घेतली आहे. कोठे आहेस, कोणाबरोबर आहेस, फोन का उचलला नाहीस, या प्रश्नांचा भडिमार काळजीच्या सुरात होतो आणि कित्येक मुलींना तो प्रारंभी सुखावतोही. परवलीचा शब्द मागणे हे विश्वासाचे लक्षण समजले जाते. विनायक काळ्यांच्या घरात उषा जशी प्रारंभी सुखी होती, तसेच हे सुख आहे. जत्रेला जाण्याचा दिवस उजाडेपर्यंत ते टिकते.

नोकरदार कुटुंबांनीही या आरशात पाहावे. शिक्षिका आहे, कारकून आहे, पगार तिच्या खात्यात जमा होतो. परंतु एटीएमचे कार्ड पतीच्या पाकिटात आहे आणि रिक्षाच्या भाड्यासाठी तिला हात पसरावा लागतो, अशी घरे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. ती घरे दुष्टांची असतात असे नाही. पुष्कळदा तेथे परस्परांविषयी मायाही असते. २०२४ साली राज्य सरकारने 'माझी लाडकी बहीण' योजना आणली आणि दरमहा १५०० रुपये स्त्रियांच्या बँक खात्यांत जमा होऊ लागले. या योजनेच्या राजकीय हेतूंविषयी आणि तिजोरीवरील भाराविषयी मतभेद असू शकतात. परंतु रक्कम कुटुंबप्रमुखाच्या हाती न देता स्त्रीच्या नावे देण्यामागील तत्त्व योग्यच आहे. त्या पैशाचे पुढे काय होते, ते कोण काढते आणि कोणाच्या सांगण्यावरून खर्च करते, ही चौकशी मात्र प्रत्येक घराने स्वतःशीच करावयाची आहे.

महाविद्यालयांचीही यात जबाबदारी आहे. विद्यार्थिनींनी सावध राहावे, उशिरा बाहेर पडू नये, असे सल्ले देणारी व्याख्याने पुष्कळ होतात. नकार कसा स्वीकारावा, हे विद्यार्थ्यांना शिकवणारे व्याख्यान क्वचितच ऐकू येते. मुलाने मुलीवर प्रेम करणे हा अपराध नव्हे. तिने नकार देणे हाही अपराध नव्हे. आणि नकारानंतर दुःख होणे हे तर माणूसपणाचेच लक्षण आहे. त्या दुःखाचे हक्कात रूपांतर करणे हा अपराध आहे. एवढी एक गोष्ट अठराव्या-विसाव्या वर्षी मनावर ठसली, तर पोलिसांचे आणि न्यायालयांचे बरेचसे काम वाचेल. त्यासाठी उपदेशापेक्षा 'भूमिका'सारखा चित्रपट वर्गात दाखवून त्यावर मुलामुलींना एकत्र बोलते करणे अधिक उपयोगी पडेल. ज्या प्रदेशात या कथेचा एक भाग प्रत्यक्ष घडला, तेथील महाविद्यालयांना तर हे अधिकच शोभेल.

चित्रपटाच्या अखेरीस उषा एकटी आहे. केशवकडे ती परतलेली नाही, मुलगी आपल्या वाटेने मोठी झाली आहे आणि तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या राजनचा आधारही ती सहजासहजी घेत नाही. अनेक प्रेक्षकांना हा शेवट अपूर्ण वाटतो. तिला अखेर कोण मिळाले, असे ते विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. हॉटेलातील त्या खोलीचे दार तिला हवे तेव्हा उघडता येते आणि हवे तेव्हा लावता येते. त्या खोलीत सुख नसेल. परंतु यापुढे ती ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे आपल्या इच्छेने गेलेली असेल. हंसाबाईंच्या पिढीला ही मोकळीक फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन मिळाली. आज संभाजीनगरात बसमधून उतरणाऱ्या मुलीला ती पहिल्या दिवसापासून आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी, मग ते आईबाप असोत, पती असो की प्रियकर, तिच्या दाराची चावी तिच्याच हाती ठेवावी. ती राहिली तर प्रेमाने राहील.